सेस्ना १५२ / १७२ : चार्जिंग होत नाही, काटा नाचतो, ब्रेकर उडतो – तपासणी कुठून सुरू करायची

हे टिपण २८ व्होल्ट यंत्रणा असलेल्या सेस्ना १५२ आणि १७२ साठी आहे, म्हणजे १९७८ पासूनची मॉडेलं : लायकमिंग इंजिन, बेल्टवर चालणारा, वीज बनवणारा ६० अँपिअरचा अल्टरनेटर, २४ व्होल्टची बॅटरी. बारामती, धुळे अशा प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांवर हीच विमानं दिवसभर सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारत असतात आणि त्यांच्या टेक लॉगमध्ये (दोष नोंदवायच्या वहीत) ‘अल्टरनेटर नॉट चार्जिंग’ ही नोंद पुन्हा पुन्हा दिसते. जुन्या, जनरेटरवाल्या विमानांबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण तिथले काही नियम अगदी उलटे आहेत.

या तक्रारीत अल्टरनेटर हा सगळ्यात महाग भाग. तरी सगळ्यात आधी बदलला जातो तोच. नवा बसवला की काही दिवस सगळं ठीक चालतं, कारण बसवताना चार जोड आपोआप साफ होऊन घट्ट बसलेले असतात. मग तोच दोष परत येतो. पुन्हा पुन्हा येणारा दोष बहुधा फिल्ड सर्किटमध्ये, म्हणजे अल्टरनेटरला चुंबकत्व देणाऱ्या करंटच्या वाटेवर असतो : स्विच, ब्रेकर, एखादा थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड), एखादं अर्थिंग. म्हणून खालच्या क्रमात अल्टरनेटर शेवटी आहे.

लक्षणं

- लो व्होल्टेजचा दिवा लागलेला, अमीटर सतत डिस्चार्जकडे.
- दिवा फक्त टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना), कमी आरपीएमला लागतो.
- अमीटरचा काटा नाचतो, त्याच तालावर पॅनलचे दिवे कमीजास्त होतात.
- मध्येच चार्जिंग बंद पडतं. ‘एएलटी’ (अल्टरनेटरचा) स्विच बंद करून परत चालू केला की सुरू होतं.
- ‘एएलटी फिल्ड’चा ब्रेकर उडतो.
- उड्डाणाला अर्धा तास होऊन गेला तरी काटा चार्जकडे बराच वर.
- हेडसेटमध्ये शिट्टीसारखा आवाज, आरपीएमबरोबर चढणारा-उतरणारा.
- थंड इंजिनावर सगळं ठीक, तापल्यावर बंद.

जळका वास किंवा धूर ही या यादीतली गोष्ट नव्हे. तिथे दोष शोधत बसायचं नाही. विमानाच्या पुस्तिकेतली आगीची कृती करायची आणि उतरायचं.

हवेत असताना इतकंच

‘एएलटी’ बंद, ब्रेकर आत आहे का ते पाहा, ‘एएलटी’ पुन्हा चालू. दिवा विझला तर ठीक. नाही विझला किंवा थोड्या वेळाने परत लागला, तर ‘एएलटी’ बंद ठेवा, नको ती उपकरणं बंद करा आणि सोयीच्या जवळच्या धावपट्टीवर उतरा. ब्रेकर उडाला असेल तर थंड होऊ द्या आणि एकदाच दाबा. परत उडाला तर बाहेरच राहू द्या. बोटाने दाबून धरणं म्हणजे वायरला जळायला सांगणं.

इंजिन बंद पडणार नाही, स्पार्क देणाऱ्या मॅग्नेटोंना बॅटरीची गरज नसते. पण रेडिओ, ट्रान्सपाँडर, इंधनाचे काटे, टर्न कोऑर्डिनेटर आणि फ्लॅप हे सगळं बॅटरीवर आहे. १४ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १५ अँपिअरचा लोड कागदावर पाऊण-एक तास चालतो. प्रशिक्षणाच्या विमानातल्या वापरलेल्या बॅटरीवर अर्धा तासच धरून चाला. २५० वॉटचा लँडिंग लाइट एकटाच सुमारे ९ अँपिअर ओढतो आणि पिटो हीटही (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) बरंच खातो, तेव्हा हवामान परवानगी देत असेल तर आधी हे दोन्ही बंद. फ्लॅप खाली येणार नाहीत असं गृहीत धरूनच अप्रोच आखा.

१. मीटर नक्की काय सांगतोय?

खर्च शून्य, आणि कित्येक तक्रारी इथेच मिटतात. सेस्नाचा अमीटर बॅटरीत जाणारा किंवा बॅटरीतून निघणारा करंट दाखवतो. शून्य मध्यभागी असतं आणि बॅटरी भरलेली असेल तर काटा शून्याजवळच हवा. पायपर चेरोकीसारख्या विमानांत मात्र लोडमीटर असतो. तो अल्टरनेटर किती करंट देतो ते दाखवतो, त्यामुळे तिथे शून्य म्हणजे अल्टरनेटर मेलेला. एका प्रकारावर शिकून दुसऱ्यावर गेलेला विद्यार्थी इथे हमखास गोंधळतो.

कमी आरपीएमला, दिवे आणि रेडिओ चालू असताना लो व्होल्टेजचा दिवा लागणं हा दोष नाही. आरपीएम वाढवा. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला तर लॉगमध्ये काही लिहायची गरज नाही.

खरी चाचणी रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत घ्यायची. १७०० आरपीएमवर लँडिंग लाइट तीन ते पाच सेकंद चालू करा, किंवा फ्लॅप हलवा. काटा मूळ जागेपासून एका काट्याच्या जाडीच्या आत राहिला पाहिजे. राहिला, तर अल्टरनेटर आणि त्याचा व्होल्टेज राखणारा कंट्रोल युनिट दोघेही वाढलेला लोड उचलत आहेत. डिस्चार्जकडे गेला आणि तिथेच थांबला, तर पुढे वाचा.

अमीटरवरून दिशा कळते, आकडा कळत नाही. आकड्यासाठी व्होल्टमीटर हवा. केबिनमधल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावता येतो, पण सॉकेटवर २८ व्होल्ट आहेत हे ध्यानात ठेवा, गाडीतली १२ व्होल्टची खेळणी तिथे खपणार नाहीत. इंजिन सुरू करण्याआधी भरलेली बॅटरी २५ च्या आसपास दाखवते. १७०० आरपीएमवर २८ च्या जवळपास हवेत. इंजिन चालू असून आकडा २५ च्या खाली आणि हळूहळू घसरणारा असेल, तर चार्जिंग मुळीच नाही. २६-२७ वर अडकलेला असेल तर चार्जिंग आहे पण अपुरं : बेल्ट घसरतोय, अल्टरनेटरमधला एखादा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेलाय किंवा कंट्रोल युनिट कमी व्होल्टेजवर बसलाय. २९ च्या वर असेल तर उलट दिशेने विचार करायचा, त्याबद्दल पाचव्या मुद्द्यात.

२. स्विच आणि ब्रेकर

मास्टर स्विचचे दोन भाग असतात, ‘बॅट’ आणि ‘एएलटी’. चेकलिस्ट घाईत उरकताना फक्त ‘बॅट’ दाबला जाणं ही प्रशिक्षणाच्या विमानात रोजची गोष्ट. दोन्ही भाग पूर्ण दाबलेले आहेत ना? ब्रेकर शेजारच्या ब्रेकरांइतकाच आत आहे ना? अर्धवट उडालेला ब्रेकर नुसत्या नजरेला कळत नाही, त्यावर बोट फिरवून पाहा.

जमिनीवर, इंजिन चालू, पॅनलचे दिवे चालू असताना ‘एएलटी’चा भाग बोटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवा. काटा किंवा दिवा त्यासरशी हलला तर निम्मं निदान झालंच. या स्विचमधून फिल्डचा दोन-तीन अँपिअर करंट अखंड वाहत असतो आणि प्रशिक्षणाच्या विमानात तो दिवसातून कितीदा तरी उघडतो-मिटतो. आतले संपर्क काळे पडतात, रोध वाढतो.

३. बॅटरी

अल्टरनेटरला फिल्डसाठी पहिला करंट बॅटरीकडूनच मिळतो. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर धडधाकट अल्टरनेटरही काही देणार नाही. तशात बाहेरून पॉवर लावून इंजिन सुरू केलं आणि तसंच उड्डाण केलं, तर रिकामी बॅटरी अल्टरनेटरला पूर्ण क्षमतेवर राबवते, बेल्ट आणि डायोड दोन्ही तापतात. बसलेली बॅटरी काढून चार्जरवर लावा, मगच बाकीची तपासणी. नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

या दोन्ही विमानांत बॅटरी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) इंजिनाकडच्या बाजूला असते. विदर्भातल्या मे महिन्यात काउलिंगखाली (इंजिनावरच्या आवरणाखाली) तिची काय गत होते ते वेगळं सांगायला नको. पाण्याच्या बॅटरीत पाणी वारंवार घालावं लागत असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी चार्जिंगचा व्होल्टेज मोजा, तो जास्त असण्याची शक्यता आहे. उलट व्होल्टेज बरोबर आहे, पण काटा अर्ध्या तासानंतरही दोन काट्यांच्या जाडीपेक्षा वर राहतो, तर एखादा सेल शॉर्ट झालेला असू शकतो. तेव्हा प्रत्येक सेलचं विशिष्ट गुरुत्व मोजा. एक सेल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली असेल तर बॅटरी बाद.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती नुसती पुसून भागत नाही. जोड सोडवून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करून परत आवळा. जुहू किंवा गोव्यासारख्या खाऱ्या हवेत हे काम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा करावं.

४. काउलिंगच्या तोंडातून नजर

मास्टर बंद, मॅग्नेटो बंद, किल्ली खिशात. तरीही प्रोपेलर कधीही फिरू शकतो असं समजूनच उभे राहा. तुटलेल्या पी-लीडचा (मॅग्नेटो बंद करणाऱ्या वायरीचा) मॅग्नेटो स्विच बंद असूनही जिवंत असतो.

पुढच्या हवेच्या तोंडातून बेल्ट दिसतो. त्याच्या कडा मंद काळ्या हव्यात. चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील तर बेल्ट घसरतोय. पुलीच्या खाचेत बेल्ट खूप खोल बसलेला असेल तर तो झिजून अरुंद झालाय. काउलिंगच्या आतल्या बाजूला, बेल्टच्या रेषेत काळी बारीक भुकटी पसरलेली दिसते, तीही त्याचीच खूण. बेल्ट घसरण्याचं वैशिष्ट्य म्हणजे लोड कमी असताना सगळं बरोबर असतं आणि लँडिंग लाइट लावला की व्होल्टेज कोसळतो.

ताण बोटाने दाबून ठरवू नका. लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन ११२९ मध्ये पद्धत दिली आहे : अल्टरनेटरच्या पुलीच्या नटावर टॉर्क रेंच लावायचा आणि पुली बेल्टखाली किती टॉर्कला घसरते ते पाहायचं. ३/८ इंची नव्या बेल्टला ११ ते १३ फूट-पाउंड, वापरलेल्याला ७ ते ९. अर्ध्या इंची नव्याला १३ ते १५, वापरलेल्याला ९ ते ११. काम करण्याआधी चालू आवृत्ती उघडून आकडे पडताळा. ‘थोडा जास्तच आवळू’ ही सवय वाईट. जादा ताण अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग खातो आणि ब्रॅकेटला तडा जातो.

बेल्ट बदलायचा असेल तर प्रोपेलर उतरवावा लागतो. हे काम परवानाधारक इंजिनिअरचंच. बोल्टचा टॉर्क, सेफ्टी वायर, नंतरची ट्रॅक तपासणी (दोन्ही पाती एकाच रेषेत फिरतात का), सगळं त्यात येतं.

काउलिंग उघडता येत असेल तर अल्टरनेटरच्या मागच्या वायरी पाहा. जाड वायर बी (आउटपुटच्या) टर्मिनलवर, बारीक वायर एफ (फिल्डच्या) टर्मिनलवर, शिवाय अर्थिंग. थिंबलच्या गळ्याशी, जिथे इन्सुलेशन संपतं तिथे, वायर दोन बोटांत धरून हळू वाकवा. धड वायर ताठ राहते. आतल्या तारा तुटलेल्या असतील तर तिथे ती कापडासारखी लुळी वाकते, वरचं इन्सुलेशन मात्र शाबूत दिसतं. एफ वायरचा हा दोष फार फसवा : जमिनीवर दोन-चार तारा टेकलेल्या राहतात आणि ठरावीक आरपीएमच्या कंपनात सुटतात. नटाखाली तपकिरी-निळसर रंग चढलेला असेल किंवा इन्सुलेटर वितळलेला असेल, तर तिथला जोड ढिला होता आणि तापला होता.

इंजिनापासून एअरफ्रेमपर्यंतची अर्थिंगची पट्टीही तपासा. ती खराब असेल तर स्टार्टरही मंद फिरतो. दोन्ही तक्रारी एकत्र आल्या की मी आधी ही पट्टीच बघायला सांगतो.

५. फिल्ड सर्किट – पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचं घर

फिल्डच्या करंटची वाट अशी : बसबार (सगळीकडे वीज वाटणारी पट्टी, थोडक्यात बस), ‘एएलटी फिल्ड’चा ब्रेकर, मास्टरचा ‘एएलटी’ भाग, कनेक्टर, कंट्रोल युनिट, एफ टर्मिनल, कार्बन ब्रश, स्लिप रिंग, रोटरचं (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाचं) वेटोळं आणि अर्थ. या वाटेवर कुठेही रोध वाढला की अल्टरनेटरचं चुंबकत्व कमी पडतं. पण भानगड तेवढ्यावर थांबत नाही.

बऱ्याच रचनांत, विशेषतः जुन्या, फिल्डला करंट पुरवणारी वायरच रेग्युलेटरला (कंट्रोल युनिटमधल्या व्होल्टेज राखणाऱ्या भागाला) व्होल्टेज किती आहे तेही सांगते. रेग्युलेटर आपल्या दारात २८ व्होल्ट राखायचा प्रयत्न करतो. वाटेत ०.८ व्होल्ट गळत असतील तर बसवर २८.८ होतात. शिवाय ही गळती फिल्डच्या करंटप्रमाणे बदलते. रेग्युलेटरने करंट वाढवला की गळती वाढते, त्याला व्होल्टेज अजून कमी दिसतो, तो अजून वाढवतो. मग बसचा व्होल्टेज वर जातो, रेग्युलेटर एकदम हात आखडता घेतो आणि गळतीही कमी होते. हेच चक्र सेकंदात अनेकदा चालतं, आणि पॅनलवर काटा नाचताना दिसतो. या नाचाला रेग्युलेटर जबाबदार धरून तो बदलला जातो. नवाही नाचतोच.

चार्जिंग अचानक बंद पडून स्विच रिसेट केल्यावर परत येणं हेही पुष्कळदा याच कुळातलं. बसचा व्होल्टेज मुळातच चढा असतो, एखादा मोठा लोड बंद करताना तो क्षणभर अजून उसळतो आणि सुमारे ३१.५ व्होल्टला ओव्हरव्होल्टेज संरक्षण फिल्ड तोडतं. संरक्षणाने आपलं काम केलेलं असतं.

आता मोजणी. यातली सोयीची गोष्ट म्हणजे इंजिन चालवावं लागत नाही. इंजिन बंद असताना ‘बॅट’ आणि ‘एएलटी’ दोन्ही चालू केले की कंट्रोल युनिटला व्होल्टेज कमी दिसतो आणि तो फिल्डला पूर्ण करंट देतो. म्हणजे गळती सगळ्यात जास्त असेल अशी स्थिती आयतीच मिळते. मिनिटभरात मोजून बंद करा, नाहीतर रोटर तापतो आणि बॅटरी उतरते.

आधी त्या सिरीयल नंबरला लागू असलेला वायरिंग डायग्राम काढा. काही कंट्रोल युनिटांना सेन्सची (व्होल्टेज जाणण्याची) वायर वेगळी असते, तशी असेल तर दोन्ही वाटा मोजा. मीटरचं एक टोक बसबारवर, दुसरं कंट्रोल युनिटच्या इनपुटवर. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर दोष सापडला, फक्त जागा ठरायची आहे. मग ब्रेकरच्या दोन टोकांवर, स्विचच्या दोन टोकांवर, कनेक्टरच्या दोन बाजूंना अशी तुकड्यातुकड्याने मोजणी करा. गळती बहुतेक एकाच तुकड्यात गोळा झालेली सापडते. माझा अनुभव विचाराल तर स्विच पहिला, ब्रेकर दुसरा, स्पेड कनेक्टर तिसरा.

कंट्रोल युनिटचं अर्थिंग विसरू नका. त्याचं अर्थ आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात, फिल्ड चालू असताना, जवळपास काहीच व्होल्टेज दिसता कामा नये. स्क्रूखाली रंग किंवा गंज असला तर ते दिसतं.

सापडलेला स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून परत बसवायचा मोह होतो. काही आठवडे चालतोही. पण जळलेल्या संपर्कावरचा मुलामा गेलेला असतो, तो फवाऱ्याने परत येत नाही. बदला. अल्टरनेटरच्या मानाने स्विचची किंमत किरकोळ आहे.

आता सगळ्यात कामाचा फाटा : इंजिन बंद, ‘बॅट’ आणि ‘एएलटी’ चालू, एफ टर्मिनलवर किती व्होल्ट? बॅटरीच्या जवळपास असतील तर आतापर्यंतची वाट ठीक, दोष अल्टरनेटरमध्ये किंवा बी वायरमध्ये. काहीच नसेल तर अल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही, मागे जा. व्होल्ट आहेत, तर जोडीला पोलादी स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या मधोमध न्या. फिल्ड चालू असेल तर ते टोक स्पष्ट ओढलं जातं, ‘एएलटी’ बंद केला की ओढ जाते. व्होल्ट आहेत पण ओढ नाही, म्हणजे ब्रश टेकत नाहीत किंवा रोटरचं वेटोळं तुटलंय.

तापल्यावरच येणारा दोष थंड हँगरमध्ये सापडत नाही. उड्डाणानंतर लगेच, काउलिंग हाताला चटका देतंय तेव्हाच ही मोजणी करा. थंडपणी आणि गरमपणी एफवरचे आकडे वेगळे आले तर कंट्रोल युनिट किंवा कनेक्टर संशयित. एफवर व्होल्ट दोन्ही वेळा सारखेच पण ओढ गरमपणी गायब, तर रोटर किंवा ब्रश.

६. आउटपुटची बाजू आणि डायोड

आउटपुटची मोजणी इंजिन चालू असताना करावी लागते. चालू इंजिनाच्या काउलिंगमध्ये प्रोब धरून उभं राहायचं नाही, म्हणजे नाहीच. इंजिनिअर लोक लांब वायरी सुरक्षित बांधून केबिनमध्ये आणतात आणि आत बसून मोजतात.

एक मोजणी मात्र केबिनच्या सॉकेटवरच होते. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, १७०० आरपीएम, लँडिंग लाइट चालू. धडधाकट अल्टरनेटरवर काही दशांश व्होल्ट दिसतात. एक व्होल्टच्या वर गेलं तर डायोडवर संशय घ्या. हेडसेटमधली शिट्टी आणि अपुरा व्होल्टेज जोडीला असेल तर संशय पक्का. एक डायोड उघडला तरी अल्टरनेटर हलका लोड ओढत राहतो, म्हणून दिवसा तक्रार नसते आणि संध्याकाळी दिवे लागले की सुरू होते. फक्त शिट्टी आहे, व्होल्टेज बरोबर आहे, तर आधी अल्टरनेटरवरचा नॉइज फिल्टर कपॅसिटर आणि हेडसेट जॅकचं अर्थिंग बघा. हाच कपॅसिटर शॉर्ट झाला तर आउटपुटचा ६० अँपिअरचा ब्रेकर उडवतो.

‘एएलटी फिल्ड’चा ब्रेकर मात्र फिल्डच्या शॉर्टने उडतो : एफ वायर कुठेतरी घासून अर्थला लागलेली, किंवा रोटरचं वेटोळं आत जळलेलं. एफ वायर अल्टरनेटरपासून सोडवून, टोक नीट इन्सुलेट करून, इंजिन बंद ठेवूनच स्विच चालू करा. ब्रेकर टिकला तर दोष अल्टरनेटरमध्ये. तरीही उडाला तर वायरीत किंवा कंट्रोल युनिटमध्ये.

७. आणि मग अल्टरनेटर

अल्टरनेटर उतरवल्यावर बेंचवर पहिली मोजणी एफ आणि बॉडी यांच्यातल्या रोधाची, पुली हाताने सावकाश फिरवत. अपेक्षित आकडा त्या पार्ट नंबरच्या पुस्तिकेतून घ्या, १४ आणि २८ व्होल्टच्या रोटरचे आकडे वेगळे असतात. अनंत रोध म्हणजे ब्रश संपले किंवा वेटोळं तुटलं. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. फिरवताना आकडा उड्या मारत असेल तर स्लिप रिंगवर तेल-कार्बनचा थर किंवा आखूड झालेले ब्रश. बेअरिंगची खरखर आणि शाफ्टचा खेळ याच वेळी पाहून घ्या.

फोर्डच्या गाडीतला अल्टरनेटर दिसायला जुळा भाऊ वाटतो. तो बसवायचा नाही. सीए फॉर्म १ किंवा तत्सम रिलीज कागद नसलेला भाग विमानावर चढत नाही, मग तो कितीही चांगला चालो.

कुठे थांबायचं

वैमानिकाने पहिला मुद्दा, दुसऱ्यातली नजर आणि स्विच हलवून पाहणं, चौथ्यातलं बाहेरून पाहणं इतकं करावं आणि लॉगमध्ये नीट लिहावं. पुढचं सगळं भारतात परवानाधारक इंजिनिअरचं काम आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानासाठी बी१.२ परवाना लागतो आणि काम झाल्यावर रिलीज सर्टिफिकेटवर त्याचीच सही लागते. अमेरिकेत स्वतःचं विमान ठेवणाऱ्या मंडळींना तिथल्या पार्ट ४३ च्या अपेंडिक्स ए प्रमाणे बॅटरीची देखभाल आणि बदल स्वतः करता येतो. बेल्ट, अल्टरनेटर आणि कंट्रोल युनिट त्या यादीत बसत नाहीत.

यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी थांबून इंजिनिअरला बोलवा : वायरीचा जळका वास, दुसऱ्यांदा उडालेला ब्रेकर, २९ च्या वर टिकून राहणारा व्होल्टेज, फुगलेली किंवा गरम बॅटरी, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला तडा, बेल्टचे सुटलेले धागे. सुटलेला बेल्ट काउलिंगमध्ये काय काय ओरबाडेल सांगता येत नाही. रात्रीचं किंवा ढगातलं उड्डाण ठरलेलं असेल तर ‘रिसेट केल्यावर आला’ एवढ्या भरवशावर निघू नका.

जुना जनरेटर असेल तर

जुन्या सेस्ना १५० किंवा पायपर सुपर कबमध्ये डीसी जनरेटर सापडतो. आयडलला तो चार्ज करतच नाही, दोष समजू नका. त्याच्या रेग्युलेटरमध्ये तीन रिले असतात : कटआउट, व्होल्टेज आणि करंटचा. कटआउट चिकटला तर इंजिन थांबल्यावरही बॅटरीचा करंट उलटा जनरेटरमध्ये वाहतो आणि काटा डिस्चार्जच्या टोकाला जातो. मास्टर लगेच बंद करा, त्यात आगीचा धोका आहे. मास्टर बंद करूनही काटा हलला नाही तर बॅटरीची वायर सोडवावी लागते.

जनरेटर आपल्या उरलेल्या चुंबकत्वावर सुरू होतो. बराच काळ पडून असेल किंवा वायरी सोडवून परत जोडल्या असतील तर तो पोलराइझ करावा लागतो, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची दिशा परत ठरवून द्यावी लागते. जंपर कुठल्या दोन टर्मिनलांना क्षणभर टेकवायचा ते रेग्युलेटरच्या प्रकारावर ठरतं. चुकीचा टेकवला तर संपर्क जळतात, तेव्हा पुस्तिका समोर हवी. अल्टरनेटरला मात्र पोलराइझ कधीच करायचं नाही, डायोड जागच्या जागी जातील. ब्रश आणि कम्युटेटरचं बाकी सगळं बेंचचं काम.

लॉगमध्ये काय लिहायचं, दुरुस्तीनंतर काय बघायचं

‘अल्टरनेटर खराब’ या नोंदीचा इंजिनिअरला उपयोग नाही. आरपीएम किती होतं, कोणते लोड चालू होते, उड्डाण सुरू होऊन किती वेळ झाला होता, काटा कुठे होता, दिवा लागला का, ब्रेकर उडाला का, रिसेटने परत आलं का, बाहेर किती तापमान होतं, एवढं लिहा. यावरूनच बेल्ट, डायोड आणि फिल्ड वेगळे पडतात.

दुरुस्तीनंतर १७०० आरपीएमवर, आधी लोडशिवाय आणि मग लँडिंग लाइट, पिटो हीट, रेडिओ सगळं लावून व्होल्टेज मोजा. दोन आकड्यांत फार तर काही दशांशांचा फरक हवा. पहिल्या उड्डाणात अर्ध्या तासाने काटा दोन जाडींच्या आत आलाय का ते पाहा. फिल्ड सर्किटमधली गळती नव्याने मोजून तो आकडा तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला तोच लागतो. बेल्ट नवा टाकला असेल तर २५ तासांनी ताण परत तपासायचा आहे. ती नोंद आजच वर्क ऑर्डरवर घालून घ्या.